लोकरी गालिचा घरात: सांगली-मिरजकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागातून गालिच्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा नको म्हणून गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आत्ताच काही सांडलं असेल आणि हातात फडकं घेऊनच वाचत असाल, तर सरळ प्रश्न ७ वर जा.

१. दुकानदार म्हणतो शुद्ध लोकर. खरं की खोटं कसं कळणार?

कोपऱ्यातून एकदोन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की धागा आपोआप विझतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरते. नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन असेल तर धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर तो सुती किंवा व्हिस्कोस आहे. त्याची गोष्ट वेगळी, प्रश्न १५ पाहा.

मणी तयार झाला तर वाईट वाटून घेऊ नका. असे गालिचे धुवायला सोपे असतात आणि खालची निम्मी पथ्यं तुम्हाला लागू नाहीत.

२. हाताने विणलेला आणि टफ्टेड यात फरक काय? दोन्ही हातमागाचेच ना?

गालिचा उलटा करा. मागे नक्षी तशीच्या तशी दिसते, बारीक गाठी मोजता येतात आणि कडेची झालर म्हणजे आतल्या ताण्याचीच (विणीच्या उभ्या धाग्यांची) टोकं आहेत, तर तो गाठींचा गालिचा. काश्मीरचे आणि भदोही-मिर्झापूर भागातले चांगले गालिचे असे असतात. मागे कॅनव्हाससारखं कापड चिकटवलेलं आहे आणि झालर वरून शिवलेली आहे, तर तो टफ्टेड. यात लोकर बंदुकीसारख्या यंत्राने कापडात टोचतात आणि मागून लेटेक्सच्या (रबरी चिकाच्या) थराने धरून ठेवतात.

फरक धुताना कळतो. गाठींचा गालिचा पाण्यात बुडाला तरी टिकतो. टफ्टेड भिजला की पाणी लेटेक्स आणि कापडाच्या मध्ये अडकतं, लवकर निघत नाही, मग आंबूस वास येतो आणि कापड सुटायला लागतं. काही वर्षांनी लेटेक्स आपणहून कोरडं पडून फरशीवर पिठासारखी भुकटी सांडू लागते. ती धुऊन थांबत नाही, मागचं कापड नव्याने लावावं लागतं. सांगलीच्या दुकानांत 'हँडमेड' म्हणून मिळणारे मऊ, जाड गालिचे बरेचदा टफ्टेड असतात. त्यात फसवणूक नाही, पण घेताना उलटून पाहावं.

३. नवीन गालिच्यातून रोज मूठभर लोकर निघतेय. परत करू का?

थांबा. कापलेल्या लवेच्या (लव म्हणजे वर उभे राहणारे मऊ धागे) गालिच्यात आखूड तंतू मोकळे राहिलेले असतात, ते पहिले काही महिने गळतात. मऊ लोकर असेल तर जास्तच. आठवड्यातून एकदा हलक्या हाताने व्हॅक्यूम करा, गळणं हळूहळू कमी होतं. एखादा धागा वर आला तर ओढू नका, कात्रीने लवेच्या पातळीला कापा. वर्ष झालं तरी गळती तेवढीच असेल किंवा झुपकेच्या झुपके निघत असतील, तर मात्र मामला लेटेक्सचा किंवा कसरीचा (प्रश्न १३).

४. केरसुणी, व्हॅक्यूम की काठीने झोडपणं?

व्हॅक्यूम, पण फिरत्या ब्रशचं तोंड काढून. तो ब्रश लवेला फेटतो आणि मऊ लोकरीवर गुंते होतात. नुसती ओढ पुरे. हात फिरवून पाहा, एका दिशेला लव गुळगुळीत लागते आणि उलट्या दिशेला उभी राहते. गुळगुळीत दिशेने चालवा. झालरीपासून वीतभर लांब राहा, नाहीतर ती आत ओढली जाते. महिन्यातून एकदा उलटा टाकून मागूनही फिरवा. खाली पडलेली बारीक रेती पाहून पुष्कळांना धक्का बसतो. गालिचा झिजतो तो त्या रेतीने: पायाखाली तिचे कण लवेच्या मुळाशी करवतीसारखे घासतात.

व्हॅक्यूम नसेल तर मऊ केरसुणी चालते, खराटा नको. झोडपायचं तर फक्त गाठींचा गालिचा, कठड्यावर उलटा टाकून, हलक्या हाताने. टफ्टेड झोडपलात तर लेटेक्सला तडे जातात.

५. कारखाने सुरू झाले की घरात काजळी उडून येते. फिक्या गालिच्यावर काळे ठिपके पडतात, पुसले की पसरतात.

पुसू नका, हेच उत्तर. गळीत हंगामात चिमणीची आणि पाचट जाळल्याची ही काजळी हलकी, तेलकट आणि ठिसूळ असते. बोट लागलं की तिचा डाग होतो, ओलं फडकं लागलं की ती लवेत मुरते. व्हॅक्यूमची नळी लवेला न टेकवता बोटभर वर धरा, काजळी उचलली जाते. मोठे तुकडे असतील तर जाड कागदावर उचला. त्यानंतरही सावली राहिली तरच प्रश्न ६ मधलं साबणाचं पाणी. हंगामात संध्याकाळी त्या बाजूची खिडकी लावून घेतली तर निम्मं काम वाचतं.

६. कोणता साबण वापरायचा? नेहमीची पावडर चालेल का?

नाही. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखं प्रथिन. कपड्यांच्या पावडरीत क्षार असतात, आणि डाग पचवणारी एन्झाइम्स असतील तर त्यातलं एक प्रथिनं खाणारं असतं. ते अंडं-दुधाचा डाग खातं तसं लोकरही खातं. एका धुण्यात दिसत नाही, पण लव राठ आणि निस्तेज होत जाते. धुण्याचा सोडा नको. क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात नको, त्यात लोकर अक्षरशः विरघळते.

लोकरी कपड्यांसाठी मिळणारा ईझीसारखा सौम्य द्रव साबण चालतो. एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा पुरतो, फेस जास्त म्हणजे निघायला पाणी जास्त. रिठाही उत्तम, पण त्याचं पाणी तपकिरी असतं, म्हणून पांढऱ्या आणि मोतिया रंगावर वापरू नका, पिवळट झाक राहते. पाणी थंड किंवा जेमतेम कोमट. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटच्या धुण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, साबणाचा चिकटा निघतो.

खायचा सोडा टाकून वास घालवायचा उपाय मोबाइलवर फार फिरतो. कोरडा टाकून लगेच ओढून घेतला तर फारसं बिघडत नाही, पण भुकटी मुळाशी राहते आणि पुढे पाणी लागलं की त्रास देते. हळदीच्या डागावर तो टाकणं तर घोडचूक. का, ते प्रश्न ८ मध्ये.

७. काहीतरी सांडलं! आत्ता लगेच काय करू?

घासू नका. घट्ट पदार्थ चमच्याने कडेकडून मध्याकडे खरवडून उचला. द्रव असेल तर पांढरा सुती पंचा किंवा जुनं धोतर घडी करून दाबा, उभं राहून पायाने दाबलं तरी चालेल. फडकं कोरडं निघेपर्यंत घडी बदलत राहा. रंगीत फडकं नको, त्याचाच रंग उतरेल. लोकरीच्या तंतूवर खवले आणि थोडा मेणचटपणा असतो, त्यामुळे द्रव आत शिरायला वेळ लागतो. हे काही क्षण तुमच्या बाजूचे आहेत, ते साबण शोधण्यात घालवू नका.

तूप, तेल, पेढा असं काही असेल तर पाणी आणूच नका. टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भरपूर पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. गरज पडली तर दोनदा. साधा चिखल असेल तर उलट धीर धरा: पूर्ण वाळू द्या, मग चुरून ओढून घ्या. पुराचा चिखल वेगळा, प्रश्न १४.

८. हळद सांडली. साबण लावला तर डाग लाल झाला! आता?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न. सांगलीच्या घरात हळद जाणार नाही तर कुठे जाईल? भडंगातून, रश्श्यातून, बाळाच्या लेपातून, कुठूनही येते.

आधी लाल होण्याबद्दल. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. क्षार मिळाला की तो पिवळ्याचा लाल होतो. पारंपरिक कुंकू हळदीला चुना किंवा टाकणखार लावून करतात, ते याच गुणावर. साबण किंवा खायचा सोडा लावला की गालिच्यावर तुम्ही नकळत कुंकू करता. घाबरू नका, एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार वाट्या पाणी घालून त्यात भिजवलेलं फडकं दाबा, रंग परत पिवळ्यावर येतो. डाग गेला नाही, पण आता तो ओळखीचा आहे.

कोरडी हळद असेल तर पाण्याचा थेंबही लावू नका. व्हॅक्यूमची नळी लवेच्या वर धरून ओढा, पुन्हा ओढा. बरीचशी हळद अशीच निघते.

भडंगासारखी तेलातली हळद असेल तर आधी तेल काढा (प्रश्न ७), रंग नंतर. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट पांढऱ्या फडक्यावर घेऊन टिपा. गालिच्यावर ओतायचं नाही. खिडक्या उघड्या, देवापुढचा दिवा आणि गॅस बंद. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा, गालिच्याचा मूळ रंग फडक्यावर आला तर तिथेच थांबा. टफ्टेड असेल तर अगदी थेंबाथेंबाने, स्पिरिट खाली लेटेक्सपर्यंत जाता कामा नये.

एवढं करून जी पिवळी झाक उरते तिचा इलाज गच्चीवर आहे. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. चादरीला डागापुरतं भोक पाडा, ती चादर गालिच्यावर अंथरा म्हणजे बाकीचा रंग उडणार नाही, डाग साध्या पाण्याने जरासा ओलसर करा आणि दुपारची दोनतीन तासांची उन्हं द्या. असं रोज, डाग दिसेनासा होईपर्यंत. फिकट गालिच्यावर फरक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतो. जिची हळद डाग पाडते, त्या सांगलीला ऊनही भरपूर आहे. पावसाळ्यात मात्र वाट पाहावी लागेल, आणि ती पाहिलेली बरी. घाईने ब्लीच लावलेले गालिचे दुरुस्त होत नाहीत.

९. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गालिचा अंथरावा का?

माझं मत विचाराल तर नाही. सतरंजी अंथरा. हौसच असेल तर वर पांढरी चादर टाका. कारण हळद नाही, कुंकू. बाजारातल्या पुष्कळ कुंकवात आणि गुलालात कृत्रिम रंग असतो. असे रंग बरेचदा लोकरीवर पक्के बसतात आणि उन्हाने जातीलच असं नाही. सांडलं तर कोरडंच ओढून घ्या. एकदा ओलं झालं की डाग कायमचा समजा. पांढरी रांगोळी आणि तिळगूळ निरुपद्रवी.

१०. चहा, दूध, रक्त, बाळाची शू, प्रत्येकाला वेगळा उपाय आहे का?

सुरुवात सगळ्यांची प्रश्न ७ सारखी. मग चहाला व्हिनेगरचं पाणी (प्रमाण प्रश्न ८ मधलंच), दुधाला साबणाचं थंड पाणी, रक्ताला फक्त थंड पाणी. रक्तावर किंवा दुधावर गरम पाणी घातलं तर प्रथिन गोठून तंतूला धरून बसतं.

शू थोडी किचकट. ताजी असताना आम्लधर्मी असते, राहिली की अमोनियामुळे क्षारधर्मी होते आणि रंग उडवते. म्हणून त्याच दिवशी: टिपा, थंड पाणी दाबून टिपा, मग व्हिनेगरचं पाणी, पुन्हा टिपा आणि पंख्याखाली वाळवा. मांजराने एकच जागा धरली असेल तर वरवरचं काम नाही, वास खालच्या सुती ताण्यात गेलेला असतो. गाठींचा असेल तर पूर्ण धुवा. टफ्टेड असेल आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर खर्च करण्याआधी विचार करा.

११. घरी गच्चीवर धुता येईल का?

गाठींचा, तीन बाय पाच फुटांपर्यंतचा, पक्क्या रंगाचा असेल तर येईल. मोठा असेल तर ओला झाल्यावर दोघातिघांनाही उचलत नाही.

प्रत्येक रंगावर साबणाच्या पाण्याचं पांढरं फडकं मिनिटभर दाबून पाहा. लाल आणि निळा आधी. रंग उतरला तर इथेच विषय संपला. नाही उतरला तर सगळी धूळ आधी कोरडी काढा, कारण पाणी पडलं की धुळीचा चिखल होतो. सकाळी लवकर सुरुवात करा. प्रश्न ६ मधलं पाणी, मऊ ब्रश, लवेच्या दिशेने. गोलगोल घासलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकून ती लाटल्यासारखी होते. स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा, मग फरशीचा वायपर लवेच्या दिशेने जोर देऊन ओढा. शेवटचं पाणी असं काढलं की वाळण्याचा बराच वेळ वाचतो.

आता खरं काम. लोकर पाण्याला भीत नाही. ती बिघडते अर्धवट वाळण्याने. स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पिऊनही ती हाताला ओली लागत नाही, म्हणून वरून कोरडा वाटणारा गालिचा आतून ओला असतो आणि खालचा सुती ताणा कुजू लागतो. दोरीवर टाकू नका, वजनाने आकार जातो. बाजेवर किंवा विटांवर ठेवलेल्या बांबूंवर आडवा पसरा, खालून वारा खेळला पाहिजे. पहिलं पाणी उन्हात, नंतर सावलीत. पाठीमागे तळहात ठेवा. गार लागलं तर अजून ओल आहे. वाळला असं वाटल्यावर आणखी एक दिवस द्या.

फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम, ऑक्टोबरच्या उन्हातही जमतं. जून ते सप्टेंबर धुऊ नका. वॉशिंग मशीनमध्ये तर कधीच नाही.

१२. पावसाळ्यात गालिचा ठेवायचा की गुंडाळायचा?

तळमजला आणि शहाबादी फरशी असेल तर गुंडाळा. फरशीतून ओल वर येते आणि खालून बुरशी धरते, वरून काही कळत नाही. वरचा मजला असेल तर राहू द्या, पण आठवड्यातून एकदा उचलून खाली पंख्याचा वारा घाला. गुंडाळताना स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा, घडी नको, वर सुती चादर. प्लास्टिकमध्ये बांधलात तर आतली ओल आतच राहते. गुंडाळी जमिनीवर नको, कपाटावर किंवा फळीवर आडवी.

१३. कसर लागली आहे. डांबरगोळ्या टाकल्या तरी जात नाही.

लोकर खाते ती अळी. उडणारं छोटं फिकट पाखरू काही खात नाही, फक्त अंडी घालतं. म्हणून पाखरं मारून उपयोग नाही. अळीला अंधार, शांतता आणि मळलेली लोकर आवडते: सोफ्याखाली, दिवाणाखाली, भिंतीच्या कडेला. पायाखालच्या भागात ती सहसा नसते.

आधी दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम आणि पिशवीतला कचरा लगेच घराबाहेर. मग एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या गच्चीवर दोन्ही बाजूंनी दुपारभर. पन्नास अंशांच्या वर गालिचा तापला की अंडी आणि अळ्या मरतात. छोटा तुकडा असेल तर पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. उघड्या खोलीतल्या डांबरगोळ्या निरुपयोगी, आणि घरात तान्हं बाळ असेल तर धोक्याच्या: काही बाळांमध्ये जन्मजात दोष असतो, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने फुटतात. वेखंडाची पुरचुंडी गुंडाळीत ठेवायची जुनी रीत आहे, ठेवा. पण लागलेली कसर तिने मरत नाही.

१४. पुराचं पाणी घरात आलं होतं. गालिचा वाचेल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा हा प्रश्न शेकड्याने घरांसमोर होता, आणि दर श्रावणात तो पुन्हा विचारला जातो.

टफ्टेड असेल तर टाकून द्या. पुराचं पाणी म्हणजे गटाराचंही पाणी, ते लेटेक्सच्या थरातून निघत नाही. गाठींचा असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे, पण दोन दिवसांच्या आत. एका कोपऱ्याला धरून ओढू नका, ओल्या गालिच्याच्या वजनाने ताणा तुटतो. खाली चादर किंवा फळी सरकवून चौघांनी उचला. इथे गाळ वाळायची वाट पाहायची नाही. स्वच्छ पाण्याच्या नळीने दोन्ही बाजूंनी गाळ पूर्ण जाईपर्यंत धुवा, मग साबण, मग व्हिनेगरचं पाणी. हातमोजे घाला.

पूर ओसरला की घरोघर ब्लीचिंग पावडर मारतात. फरशीला ती हवीच, पण गालिचा आधी तिथून हलवा. बाहेर पाऊस चालूच असतो, म्हणून पंखे लावून, बाजू उलटून पालटून वाळवावा लागतो. वाळल्यावर एक कोपरा हलक्या हाताने दुमडा. बारीक कटकट ऐकू आली तर ताणा कुजला आहे, पुढे खर्च करू नका.

१५. 'बांबू सिल्क'चा गालिचा पाणी लागल्यावर कडक आणि पिवळा झाला.

ते रेशीम नाही, व्हिस्कोस आहे, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्याचा धागा. ओला झाला की दुबळा होतो, वाळताना पिवळट पडतो. लोकर आणि व्हिस्कोस मिसळलेले गालिचेही येतात, त्यात चमकणारी नक्षी बहुधा व्हिस्कोसची. कोरडी सफाई करा, सांडलेलं टिपा, बाकी जाणकाराकडे द्या. कडक झालेला भाग पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने लवेच्या दिशेने विंचरला तर थोडा सुधारतो. पूर्वीसारखा होत नाही.

१६. सोफ्याच्या पायांचे खड्डे पडलेत.

खड्ड्यात बर्फाचा खडा ठेवा, विरघळू द्या, टिपा, बोटांनी लव उभी करा. लोकर परत उठते. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाकला तर झीज आणि उन्हाने उडणारा रंग दोन्ही बाजूंना सारखे राहतात.

१७. बाहेर धुवायला द्यायचा तर काय विचारावं?

तीन गोष्टी: टफ्टेड आणि गाठींचा वेगळा धुता का, रंग तपासता का, आणि वाळवता कुठे. भाव चौरस फुटावर असतो, तो नंतर विचारा. सकाळी नेऊन संध्याकाळी आणून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका (कारण प्रश्न ११ च्या शेवटी आहे). देण्याआधी चारी कोपऱ्यांचे आणि जुन्या डागांचे फोटो काढून ठेवा. दोघांच्याही सोयीचं असतं.

१८. आजोबांची घोंगडी आणि बसायची जेन (लोकरीचं जाड आसन) आहे. तीही अशीच धुवायची? एकदा धुतली तर घोंगडी अगदी मऊ पडली, खराब झाली का?

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, तीही लोकरच, म्हणून साबण आणि वाळवण प्रश्न ६ आणि ११ प्रमाणेच. काळा-पांढरा रंग मेंढीचाच असेल तर उतरायची भीती नाही. पिळू मात्र नका, उभं राहून पायाने दाबून पाणी काढा. ओली असताना मेंढीसारखा वास येतो, तो वाळल्यावर जातो.

मऊ पडली ती खराब झाली म्हणून नाही. विणताना धाग्याला चिंचोक्यांची खळ लावतात, नव्या घोंगडीचा ताठपणा त्या खळीचा. पाण्यात खळ जाते. जुन्या घोंगडीत ती केव्हाच गेलेली असते, नवीत पहिल्या धुण्यात जाते. पण खळ म्हणजे पिष्ट, अर्धवट राहिली आणि नीट वाळली नाही तर बुरशी तिच्यावरच आधी धरते. म्हणून नवी घोंगडी धुवायचीच असेल तर पाणी निवळ निघेपर्यंत धुवा, आणि मेमध्येच धुवा.